कोयत्याचं पाणी, सळीचा जाळ आणि शिडीचा पाय

मागच्या अंकात आमच्या वाडीतल्या लोहाराच्या डोणीबद्दल, म्हणजे तापलेलं लोखंड बुडवायच्या पाण्याच्या कुंडाबद्दल, मी चार ओळी काय लिहिल्या, तुमच्या प्रश्नांचा नुसता ढीग झालाय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातले काही निवडून घेतलेत. आधीच सांगून ठेवतो, मी लोहारही नाही आणि प्रोफेसरही नाही. पिंपरी-चिंचवडला एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये, म्हणजे धातू तापवून-गार करून कडक-मऊ करायच्या कारखान्यात, भट्टीसमोर पंचवीसेक वर्षं काढली आणि आता गुहागर तालुक्यात सुपारी बघत बसलोय, तेव्हा उत्तरं भट्टीवाल्याची आहेत असं धरून चाला.

प्रश्न, मालवणकडून: काकानू, शिमग्याच्या आधी नवो कोयतो करून घेतलंय. चार झावळ्यो तोडल्यो की धार वळता. आजोबांचो कोयतो चाळीस वर्सां झाली तरी तसोच आसा. आता पयल्यासारखा लोखंड गावणा नाय काय?

प्रश्न, गुहागरहून: माझ्या भावाने ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा कोयता बनवला. लालभडक करून सरळ खाडीच्या पाण्यात बुडवला, म्हणे खाऱ्या पाण्याने धार कडक होते. फणसाची फांदी तोडताना टवका उडाला आणि आता पात्याला आडवी चीर दिसतेय. खारं पाणी चांगलं की वाईट?

हे दोन प्रश्न एकत्रच घेतो कारण एकाच्या कोयत्याला पाणी, म्हणजे तापवून बुडवल्याने येणारा कडकपणा, चढलंच नाही आणि दुसऱ्याच्या कोयत्याला इतकं चढलं की उतरवायचं राहून गेलं.

आधी मालवणच्या कोयत्याचं बघू. लोखंड पहिल्यासारखं मिळत नाही हे मी लहानपणापासून ऐकतोय, माझे आजोबा पण त्यांच्या आजोबांच्या लोखंडाबद्दल असंच बोलायचे. खरी गोष्ट अशी की तुम्ही लोहाराला नुसतं कोयता कर म्हणालात आणि त्याने हाताशी असलेली पट्टी घेतली, बहुतेक खिडकीच्या ग्रिलची किंवा गेटची उरलेली. ते माइल्ड स्टील. त्यात कार्बन असतो जेमतेम ०.२ टक्के. त्याला कितीही तापवा, कितीही गार पाण्यात बुडवा, कामाचा कडकपणा येतच नाही, कारण कडक व्हायला जो माल आत लागतो तोच नाही. ट्रकच्या पाट्यात मात्र ०.५ ते ०.६ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. बघायला फरक केवढासा, पण सगळा खेळ त्या केवढ्याशाचाच आहे.

होतं काय ते सांगतो. लोखंडाचे अणू थंड असताना एका पद्धतीने रचलेले असतात आणि त्या रचनेत कार्बनला बसायला जागा जवळजवळ नसतेच. ७२७ डिग्रीच्या वर गेलं की ही रचना बदलायला लागते आणि नव्या रचनेत कार्बन आरामात मावतो, पाकात गूळ विरघळावा तसा विरघळून जातो. आता हे सावकाश गार केलं तर लोखंड परत जुन्या रचनेत येतं, कार्बनला वेळ मिळतो, तो बाजूला होऊन आपले वेगळे थर करून बसतो आणि तुम्हाला मऊ, वाकणारं, कानस चालणारं पोलाद मिळतं. पण लालभडक असतानाच बुडवलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आतच अडकतो आणि त्याच्या भोवतीची रचना ताणून वेडीवाकडी होते. भरलेल्या एसटीत दार लागल्यावर जी अवस्था असते तीच. ह्या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, आडॉल्फ मार्टेन्स नावाच्या जर्मन माणसावरून. ती भयंकर कडक असते, कानस तिच्यावरून नुसती घसरते, पण काचेसारखी ठिसूळ.

म्हणून पाणी पाजल्यावरचं दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं असतं, ते म्हणजे थोडं पाणी उतरवणं, आम्ही शॉपवाले त्याला टेम्परिंग म्हणतो. गुहागरच्या भावाने पहिलं काम जोरात केलं आणि दुसरं केलंच नाही.

आमच्या वाडीतले लोहार तात्या हे कसं करायचे ते मी कितीतरी वेळा उकिडवं बसून बघितलंय. कोयता बुडवून काढला की कढत असतानाच धारेजवळची काळी खपली विटेच्या तुकड्याने घासून काढायचे, आतलं पांढरं लोखंड उघडं पडेपर्यंत. पाठीकडचा जाड भाग त्यांनी पूर्ण गार होऊ दिलेला नसायचा, त्यातली धग हळूहळू धारेकडे सरकायची आणि त्या पांढऱ्या पट्टीवर रंग चालत यायचे. आधी सुक्या पेंढ्यासारखा फिकट पिवळा, तो साधारण २३० डिग्रीला. मग तपकिरी, २६० च्या आसपास. मग २८० ला कोकमाच्या सालीसारखा जांभळा आणि ३०० ला मोरपिशी निळा. कोयत्याला जांभळ्यातून निळ्यात जाताना थांबवायचं, तात्या नेमके तिथेच परत बुडवायचे आणि कोयता बाजूला फेकून बिडी पेटवायचे. थर्मामीटर नाही, काही नाही. रंधा, पटाशी असल्या आघात कमी पण धार जास्त लागणाऱ्या हत्यारांना पिवळ्यावरच थांबायचं. आणि तापवताना सुद्धा किती लाल म्हणजे पुरे, तर पाट्याला चुंबक लावून बघा, साधारण ७७० डिग्रीला लोखंड चुंबकाला ओळख द्यायचं बंद करतं. चुंबक चिकटायचं थांबलं की अजून अंगुळभर रंग चढू द्यायचा आणि बुडवायचं. पांढरंशुभ्र होईपर्यंत तापवलंत तर आतले कण मोठे मोठे होतात आणि मग पाणी कितीही नीट उतरवा, टवके उडणारच.

आता खाऱ्या पाण्याचा मुद्दा. भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, खारं पाणी खरंच जास्त वेगाने गार करतं. गोड्या पाण्यात लाल लोखंड बुडवलं की पहिल्या क्षणी त्याच्याभोवती वाफेचं पांघरूण तयार होतं, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो ना तसं, आणि ते पांघरूण उष्णता अडवून धरतं. मिठाचं पाणी असलं की मिठाचे खडे त्या गरम पृष्ठभागावर तडतडतात, पांघरूण फाटतं आणि पाणी थेट लोखंडाला भिडतं. कारखान्यात मुद्दाम ५ ते १० टक्के मीठ टाकतात त्यासाठी, समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्क्यांचं. पण वेगाने गार होणं हे ज्या पोलादाला हवं असतं त्यालाच द्यायचं! ट्रकच्या पाट्याचं पोलाद तेलात बुडवून पुरेसं कडक होतं, त्याला साधं पाणी पण जरा जास्तच, आणि खाडीचं म्हणजे कहरच. मार्टेन्साइट होताना लोखंड जरा फुगतं, बाहेरचा भाग आधी कडक होऊन बसतो, आतला नंतर फुगायला बघतो, मग चीर जाणार नाही तर काय होणार. तेव्हा भावाला सांगा, खायचं तेल कोमट करून त्यात बुडवायचं, कोयता पूर्ण बुडेल एवढं तेल हवं, झाकण हाताशी हवं कारण भडका उडतो, आणि हे काम गोठ्याच्या पेंढ्याजवळ करायचं नाही. गॅरेजचं जळकं ऑइल वापरतात लोक, पण त्याचा धूर नाकात गेलेला चांगला नाही. चीर गेलेला कोयता मात्र आता वापरू नका, पातं तुटून उडालं तर पायात बसेल.

ह्या चिरांचा एक अनुभव. शॉपमध्ये एकदा शाफ्टचा लॉट पाणी देऊन काढला, टेम्परिंगची भट्टी दुसऱ्या कामात अडकलेली, सुपरवायझर म्हणाला राहू दे सकाळपर्यंत. रात्रपाळीला आम्ही चहा घेत होतो आणि रॅकवरून टण् असा आवाज आला. मग दहा मिनिटांनी परत टण्. आम्हाला वाटलं कोणीतरी पाना टाकतंय. सकाळी बघतो तर अकरा शाफ्ट उभे चिरलेले, कोणी हात पण लावला नव्हता. आतल्या ताणानेच फुटले. तेव्हापासून पाणी दिलेली वस्तू हाताला सोसेल इतपत कोमट झाली की लगेच टेम्परिंगला घालायची हा माझा हट्ट.

आणि मालवणच्या आजोबांच्या कोयत्याचं राहिलंच. जुन्या हत्यारांत पुष्कळदा अंग मऊ लोखंडाचं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी घातलेली असायची, पोलाद महाग होतं म्हणून. त्यामुळे धार कडक आणि अंग न तुटणारं असा दोन्हीकडून फायदा. तुम्ही तो कोयता मोटरच्या ग्राइंडरवर धार लावायला मात्र कोणाला देऊ नका. ठिणग्या उडताना धारेवर निळी झाक आली की समजायचं तिथलं पाणी गेलं, म्हणजे चाळीस वर्षं टिकलेलं काम चाळीस सेकंदात. दगडावर पाणी मारत मारत हातानेच लावा.

प्रश्न, राजापूर तालुक्यातून: घराचं काम चालू आहे. कॉलमच्या सळ्या चार इंच सरकून आल्या. फिटर म्हणाला काही नाही होत, गॅसने लाल करून वाकवतो. मी थांबवलंय, तो चिडलाय. कोण बरोबर?

तुम्ही बरोबर. तो चिडला तर चिडू दे, चहा पाजा.

टीएमटी सळी, म्हणजे हल्ली घराच्या काँक्रीटमध्ये घालतात ती, ही नुसती लोखंडाची कांडी नसते, तिला गिरणीतच हीट ट्रीटमेंट झालेली असते. रोलिंगमधून ती लालभडक बाहेर येते, साधारण हजार डिग्रीच्या आसपास, आणि लगेच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून जाते, सेकंदभरच. बाहेरचं कातडं एकदम गार होऊन कडक बनतं, गाभा मात्र लालच असतो. पुढे बेडवर पडल्यावर गाभ्यातली धग बाहेर येते आणि कातड्याचं पाणी आपोआप उतरवते. तात्या कोयत्याच्या पाठीतली धग धारेकडे येऊ द्यायचे ना, अगदी तेच, फक्त इथे यंत्र करतं. मग कातडं कडक पण चिवट, आणि गाभा मऊ. सळी आडवी कापून घासून त्यावर नायट्रिक अॅसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण लावलं की बाहेरची गडद रिंग स्पष्ट दिसते, पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये कोणी ओळखीचं असेल तर जाऊन बघा एकदा, घरी करू नका.

सळीचा दर्जा एफई ५०० असा सांगतात, त्यातला ५०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताण येईपर्यंत सळी कायमची ताणली जाणार नाही असा हिशेब. हा आकडा त्या रिंगच्या जिवावर उभा आहे. गॅसने लाल केलीत की रिंग पुसली गेली, उरली साधी सळी, तीही नेमकी कॉलमच्या पायथ्याशी. आणि लाल सळीवर घाईने बादलीभर पाणी ओतलं तर तेवढाच तुकडा ठिसूळ होण्याची भीती वेगळीच. १९७०-८० च्या काळातल्या घरांत पिळाच्या टोर सळ्या दिसतात, त्या तर थंड असतानाच पिळून पिळून कडक केलेल्या असायच्या, त्यांना जाळ लावला तर पिळ दिसायला तसाच राहतो पण त्याने आलेली ताकद जाते.

मग करायचं काय, तर इंजिनियरला बोलवा. थोडंच सरकलं असेल तर थंडच, लांब उतार देऊन वळवतात, १ इंच सरकवायला किमान ६ इंच उंची ह्या हिशेबाने. चार इंच म्हणजे दोन फूट उंची लागणार, ती तिथे मिळत नसेल तर भोक पाडून केमिकलने नवी सळी बसवायची. ठोकून ठोकून उभी करणं आणि परत वाकवणं हे पण नको, लोखंड थंडपणी एकदा वाकलं की तिथे कडक होतं आणि उलटं वाकवताना तिथेच दगा देतं.

प्रश्न, हर्णैहून: आमच्या बोटीला ३०४ स्टेनलेसची रेलिंग केली. पाइपला काही नाही पण प्रत्येक जॉइंटच्या बाजूला दोन महिन्यांत तांबूस गंज. वेल्डर म्हणतो मटेरियल डुप्लिकेट, दुकानदार म्हणतो वेल्डर कच्चा. चुंबक लावला तर पाइपला चिकटत नाही पण बेंडला थोडा चिकटतो!

चुंबकाचं आधी. तो बेंडला थोडासा चिकटला म्हणून माल डुप्लिकेट ठरत नाही. ३०४ ची रचना मुळात चुंबकाला दाद न देणारी, पण थंड असताना वाकवलं, ठोकलं, की जिथे जास्त ताण पडला तिथला थोडा भाग बदलून मार्टेन्साइट होतो आणि चुंबक ओढायला लागतो. घरातल्या स्टीलच्या पातेल्याच्या काठाला लावून बघा, तिथेही हेच दिसेल. उलट चुंबक न चिकटणं हा पण अस्सलपणाचा पुरावा नव्हे, बाजारात २०० सिरीजचा हलका माल येतो त्यालाही चिकटत नाही.

आता गंज. स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे, ३०४ मध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असतं, ते वरती एक अदृश्य साय धरतं आणि ती साय आतलं लोखंड सांभाळते. वेल्डिंगच्या वेळी जॉइंटच्या कडेची पट्टी ४५० ते ८५० डिग्रीच्या मधे रेंगाळली तर क्रोमियम कार्बनशी लगीन लावून कणांच्या सीमेवर जाऊन बसतं आणि आजूबाजूला त्याचा दुष्काळ पडतो. तिथून गंज आत शिरतो. त्यासाठीच ३०४एल आणि ३१६एल हे कमी कार्बनवाले प्रकार आहेत, एल म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. पण खरं सांगू का, रेलिंगचा पाइप पातळ असतो, तो लवकर गार होतो, त्यामुळे मला तुमच्याकडे दुसरंच कारण जास्त वाटतंय. वेल्डच्या बाजूला जी निळी-पिवळी पट्टी पडते ती लोक शोभेची समजून तशीच ठेवतात, तिच्याखालची कातडी क्रोमियमने गरीब झालेली असते. आणि त्याच्या जोडीला, वेल्डरने गेटवर वापरलेली तीच ग्राइंडरची चकती आणि तोच तारेचा ब्रश तुमच्या रेलिंगवर फिरवला असेल तर साध्या लोखंडाची पूड स्टेनलेसमध्ये रुतून बसते आणि खाऱ्या हवेत तीच आधी तांबडी होते.

म्हणजे वेल्डर आणि दुकानदार दोघांची भांडणं मिटवायची तर, माल खरा असेल आणि काम पण ठीक असेल, साफसफाई राहिली. जॉइंटना पिकलिंग पेस्ट लावून ती पट्टी काढून टाकायची, पण त्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लुओरिक अॅसिड असतं, हाडापर्यंत जातं, तेव्हा स्वतः हौस करू नका, हातमोजे, चष्मा घालून ज्याला सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्या आणि नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवा. पुढची रेलिंग करताना पैसे जरा जास्त घालून ३१६एल घ्या, त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, समुद्राच्या मिठापुढे ते जास्त तग धरतं. किनाऱ्यावर ३०४ म्हणजे रेनकोट न घेता पावसात जाणं, कधीतरी जमतं.

प्रश्न, चिपळूणहून: मी फ्रिज-एसीची कामं करतो. तांब्याची नळी कडक झाली की गॅसने लाल करून पाण्यात बुडवतो, ती एकदम मऊ होते. लोहार तर लोखंड कडक करायला लाल करून पाण्यात बुडवतो. हे उलटं कसं?

भारी प्रश्न. मला पहिल्या वर्षी हाच पडला होता आणि विचारायची लाज वाटली होती.

तांब्याच्या अणूंची रचना तापवल्यावर बदलतच नाही, वितळेपर्यंत एकच, १०८५ डिग्रीला वितळतं तोवर. त्यामुळे लाल तांबं पाण्यात बुडवून अडकवायला आत काही नसतंच. तुम्ही पाण्यात बुडवलंत काय किंवा हवेत ठेवलंत काय, मऊपणा सारखाच, पाण्याचा उपयोग एवढाच की वरची काळी खपली तडकून निघते आणि हात लवकर लावता येतो. मऊ करतं ते तापवणं. नळी वाकवता तेव्हा आतले थर एकमेकांवरून सरकतात, आणि जितकं वाकवाल तितकी ह्या सरकण्याची गुंतागुंत होत जाते, रापणीचं जाळं नीट घडी न घालता फेकलं की कसं गुंतून बसतं आणि मग ओढलं तरी सुटत नाही, तसं. गुंतलं की सरकणं बंद, सरकणं बंद म्हणजे कडक. अजून ताणलं तर फाटणार, तुमचं फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेलं नळीचं तोंड, फुटतं ते तिथेच. तापवलं की त्या गुंत्यातून नवे स्वच्छ कण उगवतात आणि जाळं मोकळं होतं. तांबट लोक हंडा, बंब ठोकताना मधून मधून भट्टीत घालतात ते ह्याचसाठी, आणि शेवटचं मठारकाम थंडपणी करतात ते नुसतं चमकायला नव्हे, त्या ठोक्यांनीच भांडं ताठ होतं.

प्रश्न, देवगडहून: आंबे काढायच्या अॅल्युमिनियमच्या शिडीचा पाय तुटला. गावात आर्गॉन वेल्डिंग करून घेतलं, वेल्ड बघायला एक नंबर. पण आठ दिवसांत वेल्डच्या शेजारी इंचावर वाकला. गडी थोडक्यात वाचला. वेल्ड तर अजून शाबूत आहे!

वेल्ड शाबूत असणारच, दोष त्याच्या शेजारी आहे.

अॅल्युमिनियमचा तिसराच पंथ. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म अॅल्युमिनियम कडक करायच्या मागे लागला होता. त्याने तांबं, मॅग्नेशियम घातलेलं अॅल्युमिनियम पोलादासारखंच तापवून पाण्यात बुडवलं. कडक झालं नाही. असं सांगतात की शनिवारी मोजलं, कंटाळून घरी गेला आणि सोमवारी परत मोजलं तर आकडा चढलेला! पहिल्यांदा मोजणाऱ्या मशीनवरच संशय आला म्हणतात, आम्ही पण तेच करतो. झालं होतं असं की बुडवल्यावर विरघळलेलं तांबं आत अडकलं, आणि नंतर सावकाश, अगदी बारीक पुंजक्यांनी बाहेर पडायला लागलं. हे पुंजके इतके बारीक की साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाहीत, पण थरांचं सरकणं अडवतात, वाळूत चाक रुततं तसं. त्या मालाला पुढे ड्युरॅल्युमिन नाव पडलं, आणि आत नेमकं काय झालंय ते एक्स-रेने दाखवायला १९३८ उजाडलं, गिनिए आणि प्रेस्टन ह्या दोघांनी वेगवेगळं काम करून.

आता बऱ्याच शिड्या मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या मालाच्या असतात, तंत्र तेच. ६०६१ सारखा माल असेल तर साधारण ५३० डिग्रीला तापवून बुडवतात आणि मग १६० ते १८० डिग्रीला काही तास मुरवत ठेवतात, लोणच्यासारखं. वेल्डिंगच्या वेळी शेजारची पट्टी ह्यापेक्षा कितीतरी जास्त तापते, बारीक पुंजके एकमेकांत मिसळून मोठे आणि विरळ होतात, अडवणारं कोणी उरत नाही. तिथली ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, रंग बदलत नाही, चीर नसते. चांगल्या शिड्यांच्या पायऱ्या बघा, वेल्ड नाही, दाबून किंवा रिवेटने बसवलेल्या दिसतील. ती शिडी भंगारात द्या, रिपेअर करून परत कलमावर लावू नका. गड्याला विचारून बघा, तो पण आता चढणार नाही.

प्रश्न, श्रीवर्धनहून: गोठ्यावरच्या माळ्यावर पितळेच्या कळशा ठेवल्या होत्या. पावसाळ्यानंतर काढल्या तर दोघींच्या गळ्याला चिरा. कोणी हात लावला नव्हता. करणी वगैरे नाही ना?

करणी नाही, गाय आहे.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेला हाच त्रास होता, पितळेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवली की आपोआप चिरायची. म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग असंच नाव पडलं. कारण नीट उलगडलं १९२१ च्या सुमारास. मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि पितळ थंडपणी ओढून-दाबून बनवल्यामुळे आत राहिलेला ताण, हे तीन एकत्र आले की पितळ चिरतं. ह्यातलं एक काढलं तरी भागतं. काडतुसं मग तयार झाल्यावर हलकी तापवायला लागले, २५०-३०० डिग्रीच्या आसपास, कडकपणा फारसा न जाता आतला ताण सुटतो. कळशीचा गळा सगळ्यात जास्त दाबलेला म्हणून चीर तिथे. तुम्ही कासाराकडून डाक लावून घ्या, शोभेला चालतील, पाणी भरायला नकोत. आणि उरलेली पितळ माळ्यावरून खाली आणा, गाय कुठे हलवणार.

प्रश्न, दापोलीहून: सासूबाईंचा बिडाचा तवा, घावणं काढून झाल्यावर सुनेने, म्हणजे मीच, गरम असताना नळाखाली धरला. दोन तुकडे. वेल्डिंग होईल का? त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बिडात कार्बन ३ टक्क्यांच्या वर असतो, आणि साध्या बिडात तो ग्रॅफाइटच्या पापड्या होऊन पडलेला असतो, पेन्सिलीतलं शिसं असतं ना ते. प्रत्येक पापडी म्हणजे आतली एक तयार चीर. दाबलं तर बीड खूप सोसतं, ताणलं की गेलं. नळाखाली वरचा भाग आक्रसला, खालचा गरमच राहिला, वरच्याला ताण बसला आणि एका पापडीपासून दुसरीपर्यंत फट पळत गेली. टच् आवाज आला असेल.

वेल्डिंग होतं, निकेलचा रॉड घेऊन, सगळा तवा आधी तापवून आणि नंतर राखेत पुरून सावकाश गार करून. गेटवाला वेल्डर साधा रॉड लावेल तर जोडाच्या कडेला पांढरं, काचेसारखं बीड तयार होईल आणि पहिल्याच घावणाला परत टच्. शिवाय निकेलच्या रॉडचा आणि कामाचा खर्च नव्या तव्याइतका होईल, आणि सासूबाईंना जोड दिसणारच.

नवा आणा, मंद आचेवर तेल लावून लावून दोन-तीन दिवस मुरवा, आणि सांगून टाका काय झालं ते. नव्या तव्यावर पहिली चार घावणं चिकटतील, ती सासूबाईंच्या पानात वाढू नका म्हणजे झालं.